फायरवॉल परवडते कधी?

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमधून जगभर पसरला आणि त्याचा फटका थेट रायगड जिल्ह्याला बसला. उरण तालुक्यातल्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे कंटेनर टर्मिनल मर्स्क समूहातल्या एपीएम टर्मिनल्सच्या हाती होतं. समूहाचे संगणक बंद पडले तसं इथलं कामही ठप्प झालं. कोणता कंटेनर कुठे ठेवलाय आणि कोणत्या गाडीवर चढवायचा हे सांगणारी यंत्रणाच गेली, हाताने नोंदी करून माल हलवायची वेळ आली. मर्स्कला पुढच्या दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीने स्वतः जाहीर केलेला नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरचा होता. इतक्या मोठ्या कंपनीच्या वेशीवर पहारा नव्हता असं कोणी म्हणणार नाही. पण हा प्रोग्रॅम वेस फोडून आलाच नव्हता. युक्रेनमध्ये हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मीडॉक या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे विश्वासाच्या वाटेने, तो आत शिरला. विंडोजमधल्या ज्या त्रुटीचा त्याने फायदा घेतला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. जिथे ती बसवलेली होती तिथे त्याने शेजारच्या संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड उचलले आणि त्यांच्या जोरावर तो पुढे सरकला. आतलं नेटवर्क बरंचसं सलग असल्यामुळे त्याला वाटेत अडवणारं काही नव्हतं.

या घटनेचा गडबमधल्या चार-सहा संगणकांच्या ऑफिसशी संबंध काय, असं कोणी विचारेल. वडखळ सोडून नागोठण्याकडे निघालं की मुंबई-गोवा महामार्गावर गडब लागतं. अलीकडे डोलवीचा जेएसडब्ल्यूचा पोलाद कारखाना, पलीकडे नागोठण्याचं पेट्रोकेमिकल संकुल. अशा पट्ट्यात वाहतूकदार, कामगार पुरवणारे ठेकेदार, स्पेअर पार्टची दुकानं, वजनकाटे, बांधकाम साहित्याचे पुरवठादार अशा धंद्यांना काम मिळतं आणि या प्रत्येकाचं ऑफिस आज इंटरनेटवर उभं आहे. परराज्यात जाणाऱ्या मालाची किंमत पन्नास हजारांच्या वर गेली की ई-वे बिलाशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही. वर्षाला पाच कोटींवर उलाढाल असलेल्याला ऑगस्ट २०२३ पासून कंपन्यांशी होणाऱ्या व्यवहारांचं इनव्हॉइससुद्धा सरकारी पोर्टलवर नोंदवूनच द्यावं लागतं. कामगारांची हजेरी बायोमेट्रिक यंत्रात, पगार आणि भविष्यनिर्वाह निधीचा भरणा ऑनलाइन, हिशेब टॅलीत. संगणक दोन दिवस बंद पडले तर भरलेली गाडी दारात उभी राहते आणि तिचं भाडं मात्र चढत राहतं. म्हणून इथल्या मालकाला फायरवॉल घ्यावीशी वाटणं रास्त आहे. प्रश्न कोणती घ्यावी हा आहे, आणि माझं म्हणणं असं की तो किमतीच्या टोकाकडून सोडवायला गेलं की हमखास चुकतो. फायरवॉल परवडते की नाही हे बिलावरच्या आकड्यावर ठरत नाही. ती पुढची पाच वर्षं कोण सांभाळणार आणि ती आतल्या नेटवर्कचे कप्पे पाडून देते का, या दोन गोष्टींवर ते ठरतं.

मुळात फायरवॉल करते काय, हे या भागातल्या माणसाला खारबंदिस्तीवरून चटकन कळेल. पेण तालुक्यातली खाडीकाठची भातशेती बांधामुळे टिकली आहे, आणि त्या बांधाला उघाडी असते. ओहोटीला शेतातलं पाणी उघाडीतून बाहेर जातं, भरती आली की तिची झडप बंद होते आणि खारं पाणी आत येत नाही. फायरवॉलचा मूळ नियम नेमका हाच आहे. आतल्या संगणकाने बाहेर काही मागितलं तर ती त्याची नोंद ठेवते आणि त्याचं उत्तर तेवढं आत घेते, न मागता बाहेरून आलेलं सगळं परतवते. फायबर जोडणीबरोबर कंपनी जो राउटर भिंतीवर लावून जाते तोसुद्धा एवढं काम करतो. तेव्हा 'आमच्याकडे फायरवॉल नाही' हे वाक्य बहुतेक ठिकाणी अर्धंच खरं असतं. झडप असते, पण ती कोणीतरी उघडी अडकवून ठेवलेली असते.

ही अडकवाअडकवी कशी होते ते पाहण्यासारखं आहे. मालकाला घरबसल्या मोबाइलवर ऑफिसचे कॅमेरे बघायचे असतात. कॅमेरे बसवणारा माणूस इंटरनेट कंपनीकडून स्थिर आयपी पत्ता घ्यायला लावतो, राउटरमध्ये जाऊन डीव्हीआरसाठी एक पोर्ट बाहेरच्या जगाला उघडं करतो आणि डीव्हीआरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवून निघून जातो. दुसरं भोक हिशेबनिसासाठी पडतं. त्याला पेणहून किंवा पनवेलहून टॅली चालवायचं असतं, म्हणून रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ हे पोर्ट उघडलं जातं. या दोन्ही वाटा हल्लेखोरांच्या रोजच्या पायाखालच्या आहेत. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याच बळावर डिन या कंपनीवर हल्ला होऊन तिच्यावर अवलंबून असलेल्या ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. उघड्या रिमोट डेस्कटॉपमधून शिरून फायली कुलूपबंद करायच्या आणि खंडणी मागायची, हा तर खंडणीखोर टोळ्यांचा ठरलेला धंदा आहे. नवी महागडी फायरवॉल आणली आणि तिच्यावरही हीच दोन पोर्टं तशीच उघडून दिली, तर पैसे गेले एवढंच होईल.

'आम्ही एवढेसे, आमच्यामागे कोण लागणार?' हा आक्षेप जवळजवळ प्रत्येक ठिकाणी येतो. तो खोडून काढायला हवा, कारण सगळी बेफिकिरी याच एका समजुतीवर उभी आहे. हल्लेखोर गडबचं नाव शोधत नाही. त्याचे प्रोग्रॅम इंटरनेटवरचे पत्ते ओळीने ठोठावत जातात. कुठलं पोर्ट उघडं मिळालं की पत्ता मुंबईतल्या बँकेचा आहे की महामार्गावरच्या वजनकाट्याचा, याने त्यांना फरक पडत नाही. शिवाय लहान माणूस मोठ्या साखळीत अडकलेला असतो. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या सेवा पुरवठादाराच्या यंत्रणेवर खंडणीचा हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांचे यूपीआय, एटीएमसारखे व्यवहार थांबले. त्या बँकांवर कोणी नेम धरला नव्हता, त्यांची सेवा ज्याच्याकडून येत होती त्याला धक्का बसला होता. तेव्हा राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने काय केलं, तर सी-एजची जोडणी स्वतःच्या जाळ्यापासून तोडून बाजूला केली. बाकी देशाचे व्यवहार चालू राहिले आणि दुसऱ्या दिवशी तपासणीनंतर जोडणी पूर्ववत झाली. एक कप्पा बंद करता आला म्हणून नुकसान त्या कप्प्यापुरतं राहिलं. जून २०१७ मध्ये मर्स्कला हे जमलं नाही.

आता बाजाराकडे वळू. पेण-पनवेलचा विक्रेता ढोबळमानाने तीन प्रकारचा माल पुढे ठेवतो. पहिला, मायक्रोटिक किंवा टीपी-लिंकच्या ओमाडा मालिकेसारखा व्यावसायिक राउटर. तो पाच-दहा हजारांत येतो, त्याला वार्षिक लायसन्स लागत नाही, नियम लिहिता येतात, नेटवर्कचे भाग पाडता येतात आणि बाहेरून सुरक्षित जोडणीसाठी व्हीपीएनही मिळतो. दुसरा, फोर्टिनेट किंवा सोफोससारख्या कंपनीची यूटीएम म्हटली जाणारी पेटी. ती वर सांगितलेलं सगळं करतेच, शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्या मजकुरात विषाणू, घुसखोरीच्या खुणा, फसवी संकेतस्थळं शोधते. लायसन्ससह तिची किंमत पहिल्या प्रकाराच्या पाच-सहा पट तरी जाते आणि या खुणांची यादी रोज बदलत असल्यामुळे लायसन्स दर वर्षी किंवा तीन वर्षांनी नव्याने भरावं लागतं. ते संपलं की झडप चालू राहते, पण ज्या शोधकामासाठी एवढे पैसे मोजले ते शिळ्या यादीवर चालतं किंवा बंदच पडतं. तिसरा प्रकार पीएफसेन्स आणि त्यातूनच २०१५ मध्ये वेगळा झालेला ओपीएनसेन्स, ही फुकट सॉफ्टवेअरं साध्या संगणकावर चढवून केलेली फायरवॉल. ती उत्तम आहे, पण जाणकाराच्याच हातात.

माहितीपत्रकातले आकडे वाचताना इथे थोडं थांबायला हवं. फोर्टिगेट ४० एफ हे छोट्या ऑफिससाठीचं लोकप्रिय मॉडेल घ्या. त्याच्या पत्रकात फायरवॉलचा वेग सेकंदाला ५ गिगाबिट असा ठळक दिसतो. सगळी तपासणी चालू केल्यावरचा आकडा त्याच पत्रकात ६०० मेगाबिट आहे, म्हणजे जवळजवळ आठव्या हिश्श्यावर. शंभर-दोनशे मेगाबिटची जोडणी असलेल्या ऑफिसला तोही पुरतो, तेव्हा या मॉडेलमध्ये खोट नाही. पण विक्रेता कोणता आकडा सांगतो आणि आपण कशासाठी पैसे देतो हे ताडून पाहायला हवं. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की आज वेबवरची बहुतेक वाहतूक एचटीटीपीएसच्या कुलपात बंद असते. ते कुलूप उघडून आत बघायचं तर फायरवॉलचं प्रमाणपत्र प्रत्येक संगणकावर बसवावं लागतं, बँकांची संकेतस्थळं वगळावी लागतात, आणि मग एखादं पोर्टल अडकलं की कोणीतरी येऊन ते सोडवावं लागतं. हा व्याप नको म्हणून अनेक ठिकाणी ही तपासणी बंदच ठेवली जाते. मग पेटी दारावरून जाणाऱ्या बंद पाकिटांवरचे पत्ते तेवढे वाचते, पाकिटात काय आहे ते तिला दिसत नाही. ज्या ऑफिसात हे काम करायला माणूसच नाही त्याने तपासणीच्या लायसन्ससाठी दर वर्षी पैसे मोजणं मला पटत नाही.

महाग पेटी घेतली म्हणजे निर्धास्त झोपता येतं, या समजुतीला गेल्या काही वर्षांतल्या घटनांनी आधार उरू दिलेला नाही. फोर्टिनेटच्या उपकरणांमधल्या व्हीपीएनच्या एका त्रुटीची दुरुस्ती कंपनीने मे २०१९ मध्ये दिली. सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ८७,००० उपकरणांचे लॉगिन तपशील चव्हाट्यावर आले, ते याच त्रुटीतून काढलेले होते. दुरुस्ती हाताशी होती, ती बसवायला कोणी नव्हतं, किंवा बसवल्यावर जुने पासवर्ड बदलले नव्हते. स्वस्त राउटरची गोष्टही वेगळी नाही. मायक्रोटिकने एप्रिल २०१८ मध्ये एका त्रुटीची दुरुस्ती तातडीने दिली, तरी ऑगस्टपर्यंत ब्राझीलपासून सुरुवात होऊन दोन लाखांहून जास्त राउटर परक्यांच्या ताब्यात गेले आणि त्यांच्यामार्फत लोकांच्या संगणकांवर चोरून आभासी चलन तयार करण्याचा उद्योग चालला. याउलट एप्रिल २०२० मध्ये सोफोसच्या फायरवॉलवर अज्ञात त्रुटीतून हल्ला झाला, तेव्हा कंपनीने काही दिवसांतच दुरुस्ती धाडली आणि ज्यांनी आपोआप दुरुस्तीची सोय चालू ठेवली होती त्यांच्या पेटीत ती मालकाने बोटही न लावता बसली. महाग-स्वस्त हा भेद या तिन्ही प्रसंगांत कामाला आला नाही. दुरुस्ती वेळेवर बसली की नाही, एवढ्यावर निकाल लागला.

याच निकषावर मी माझी शिफारस सांगतो. दहाएक संगणकांपर्यंतचं ऑफिस, स्वतःचा सर्व्हर इंटरनेटवर नाही, संगणकाचं बघणारा माणूस पगारावर नाही, अशा धंद्याने पहिल्या प्रकारचा राउटर घ्यावा आणि वाचलेल्या पैशातून पेण, अलिबाग किंवा पनवेलच्या माहितगार माणसाशी वर्षाचा देखभाल करार करावा. तीन महिन्यांतून एकदा तरी अपडेट बसवायचं, उघड्या पोर्टांची यादी लेखी द्यायची, आणि कॅमेरे व रिमोट डेस्कटॉप व्हीपीएनच्या आत घ्यायचे, हे त्या करारात असलंच पाहिजे. व्हीपीएन म्हणजे हिशेबनिसाने आधी ओळख पटवून बोगद्यातून ऑफिसात यायचं आणि मग टॅली उघडायचं. बाहेर कॅमेऱ्याचं किंवा रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट उघडं दिसत नाही, आणि त्यांच्यावरच्या रोजच्या ठोठावण्याला उत्तरच मिळत नाही. पंधरा-वीस संगणकांच्या पुढे गेलेला, आत सर्व्हर ठेवणारा किंवा मोठ्या कारखान्याच्या यंत्रणेला थेट जोडलेला ठेकेदार असेल, तर त्याने यूटीएम घ्यावी, पण तीन वर्षांचं लायसन्स एकदम धरून आणि नूतनीकरणाचा खर्च आजच लेखी घेऊन. वापरलेली पेटी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. सोफोसच्या एक्सजी मालिकेतल्या उपकरणांचा आधार ३१ मार्च २०२५ रोजी संपला. अशा पेट्या बाजारात दिसतात, आणि दुरुस्ती न येणारी फायरवॉल कितीही कमी किमतीत घेतली तरी महागच पडते.

आता कप्प्यांकडे, कारण हा या खर्चातला सर्वात मोलाचा भाग आहे आणि तो पाच हजारांच्या राउटरवरही होतो. एकाच तारेवर वेगवेगळी जाळी चालवण्याच्या सोयीला व्हीलॅन म्हणतात. त्यासाठी साध्या स्विचच्या जागी व्हीलॅन समजणारा स्विच लागतो, तोही फार महाग नसतो. हिशेबाचे संगणक एका कप्प्यात, कॅमेरे आणि हजेरीचं यंत्र दुसऱ्यात, चालकांचे आणि पाहुण्यांचे मोबाइल तिसऱ्यात. कॅमेऱ्याच्या कप्प्यातून हिशेबाच्या कप्प्यात काहीही जाऊ द्यायचं नाही, मोबाइलच्या कप्प्याला फक्त इंटरनेट द्यायचं. प्रिंटर सगळ्यांना हवा, मग कप्प्यांनी अडचण होईल, हा आक्षेप खरा आहे. पण तो एका नियमाने सुटतो, आणि तो नियम लिहून देणं हे देखभाल करणाऱ्याचं काम आहे. काहींचं म्हणणं असतं की प्रत्येक संगणकात विंडोजची स्वतःची फायरवॉल आणि अँटिव्हायरस असताना हे कशाला. त्या दोन्ही गोष्टी असायलाच हव्यात, पण डीव्हीआरमध्ये अँटिव्हायरस चढत नाही आणि हजेरीच्या यंत्राला वर्षानुवर्षं अपडेट येत नाही. जी यंत्रं स्वतःला सांभाळू शकत नाहीत त्यांना वेगळं ठेवण्यावाचून इलाज नाही. टॅली आता क्लाउडवर आहे, आत काही उरलेलं नाही, असंही ऐकू येतं. ज्या संगणकावरून क्लाउडचा पासवर्ड टाकला जातो तो आतच असतो.

नोंदींची बाजू बहुतेकांच्या लक्षात येत नाही. संगणक सुरक्षेची केंद्रीय यंत्रणा असलेल्या सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत आणि आदेशात दिलेल्या प्रकारची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. छोट्या राउटरच्या मेमरीत एवढ्या नोंदी मावत नाहीत, जुन्या पुसून नव्या येत राहतात. तेव्हा त्या ऑफिसातल्याच एखाद्या संगणकावर किंवा साठवणुकीच्या पेटीत पाठवायची व्यवस्था सुरुवातीलाच करून घ्यावी. जो विक्रेता या प्रश्नावर गोंधळतो त्याच्याकडून पुढच्या देखभालीची अपेक्षा धरू नये. आणि नॉटपेट्यासारखं काही आत आलंच, तर फायरवॉल कामाला येईलच असं नाही. तिथे कामाला येतो तो बॅकअप, तोही नेटवर्कपासून काढून कपाटात ठेवलेला. टॅलीच्या डेटासाठी दोन हार्ड डिस्क आलटून-पालटून वापरायला लागणारा खर्च यूटीएमच्या एका वर्षाच्या लायसन्सहून बराच कमी आहे, आणि दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर मी हार्ड डिस्क घ्यायला सांगेन.

स्वस्त राउटरच्या बाजूने कोकणात आणखी एक कारण आहे. जूनच्या तोंडाला आणि परतीच्या पावसात विजा पडतात, वीज जाते-येते, आणि बाहेरून आलेल्या तारेतून आलेला झटका नेटवर्कच्या उपकरणाचे पोर्ट जाळून टाकतो. यूटीएमची पेटी जळली तर बदली मिळेपर्यंत ऑफिस उघड्यावर पडतं किंवा बंद राहतं. व्यावसायिक राउटर दोन घेऊन एक कपाटात ठेवता येतो, आणि सेटिंगची फाइल जपलेली असेल तर तासाभरात तो जागेवर बसतो. महामार्गाच्या खोदकामात फायबर तुटली तर दुसऱ्या कंपनीची जोडणी आपोआप उचलायची सोयही या किमतीच्या बऱ्याच राउटरमध्ये असते. ती घेताना विचारून घ्यावी. सेटिंगची फाइल आणि राउटरचा मुख्य पासवर्ड मात्र मालकाच्या ताब्यातच हवा. बसवणाऱ्याने काम सोडलं आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, तर राउटर पुसून पुन्हा मांडण्यावाचून मार्ग राहत नाही. म्हणून करारावर सही करण्याआधी चालू सेटिंगची प्रत, उघड्या पोर्टांची यादी आणि पासवर्ड सीलबंद पाकिटात घ्यावा, आणि शेवटचं बिल ते पाकीट हातात आल्यावरच चुकतं करावं.